ज्याचं वासरू, त्यानं आणावं

३ फेब्रुवारी, लातूर

पेशी मेल्या. वीज काल गेली ती आज सकाळी आली. उबवणी यंत्र गार. बाटल्यांच्या तळाला धरलेला पातळ थर सुटून पाण्यात तरंगत होता, साय मोडावी तसा. परत पहिल्यापासून.

प्रयोगशाळा म्हणजे जनावरांच्या दवाखान्याची मागची खोली. जिल्हा नवा म्हणून पाटी नवी. पेंटरने घाईत रंग मारलाय, खालचं 'उस्मानाबाद' अजून वाचता येतं. पाणी टँकरचं, तेही गाळून, उकळून. पेशींना माझ्यापेक्षा चांगलं पाणी मिळतं.

बाजारात मटणवाल्या मामूकडे गेले. मूत्रपिंडं ताजी लागतात, त्यातूनच पेशी वाढवायच्या. मामू म्हणाला, "डॉक्टरनी बाई, हर हफ्ते गुरदे ले जाते, पकाते तो नै. करते क्या?" म्हटलं, जिवंत ठेवते. तो शेजारच्याकडे बघून म्हणाला, "सुन ले. मैं काटतौं, ये जिलाते."

आज दिवसभरात एवढंच बोलणं झालं.

५ फेब्रुवारी

प्रश्न जुनाच. लाळ्या-खुरकुताचा (पुढे ला.खु.) विषाणू पेशीत शिरतो कसा? त्याच्या अंगावर एक बारीक उंचवटा आहे. ट्रिप्सिन या पाचक रसाने तो छाटला की विषाणू बाकी शाबूत राहतो, पण पेशीला चिकटत नाही. म्हणजे तोच त्याचा हात. लस टोचलेल्या जनावराचं रक्त नेमका तोच हात धरून ठेवतं. आणि हातच बदलला तर?

मोठ्या संस्थेत होते तेव्हा या प्रश्नावर जेवणाच्या टेबलावर भांडणं व्हायची. इथे भांडायला कोणी नाही. भिंतीशी भांडते.

१० फेब्रुवारी

रेणापूरची छावणी. दुष्काळाने गावोगावची जनावरं एका माळावर आणून बांधलीत. ला.खु. एका जनावराला झाला की सगळ्यांना. लस घेऊन गेलो तर एकही माणूस दावं सोडायला तयार नाही.

"सुई मारली की म्हैस आटती."

"बैल बसतंय, बाई. आधीच हाडं राहिलीत."

छावणी चालवणारे व्यंकटराव, जमीनवाले, पांढरं धोतर, म्हणाले, "तुम्हीच बोला काय ते. तुमचं भाषण लई ऐकून हाव आम्ही."

पाण्याच्या हौदावर चढले आणि बोलले. देवीच्या रोगापासून सुरुवात केली, माणसाने तो कसा पृथ्वीवरून घालवला. भीती म्हणजे काय, अडाणीपण म्हणजे काय, दुसऱ्याच्या अनुभवावर विश्वास टाकणं म्हणजे काय. शेवटी म्हणाले, "माझा शब्द आहे. टोचून घ्या. तुमची जनावरं वाचतील." टाळ्या. छावणीत टाळ्या! मग रांग लागली.

परत येऊन अंगावरचं सगळं धुण्याच्या सोड्यात टाकलं. चपलासुद्धा. आता काही दिवस दुसऱ्या कुठल्या गोठ्यात जायचं नाही, म्हणजे गावीही नाही. ला.खु. कपड्याला, केसाला लागून जातो. माणसाच्या घशातही एखादा दिवस राहतो. माणसाला काही होत नाही, पण तो नेतो.

वडिलांना, दादांना, हे कितीदा सांगितलं. त्यांचं एकच: "यायचं नसलं तर तसं सांग की."

घरमालकीण बाईंनी आज परत आडनाव विचारलं. परत सांगितलं. त्यांनी परत "अच्छा अच्छा" केलं.

२६ फेब्रुवारी

रेणापूरहून निरोप. टोचलेल्या जनावरांना ला.खु. झालाय.

परत वाचला निरोप. टोचलेल्या.

२७ फेब्रुवारी, रेणापूर

खरं आहे. तोंडाला फेस, खुरांत जखमा, जनावरं एका पायावरून दुसऱ्या पायावर. मोठी तग धरतील. वासरं पडताहेत. त्यांचं काळीजच, हृदयच, धरतो हा रोग.

मी गेले तर कोणी उठलं नाही. एक म्हातारा बिडी न काढता म्हणाला, "आली बघा शब्दवाली."

मेलेली वासरं माळाच्या कडेला तशीच. कुत्री. व्यंकटरावांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता खड्डा, चुना, पुरा. नाहीतर कुत्री गावभर नेतील.

ते म्हणाले, "खड्डा खांदलाय की. पर ओढायचं कुणी? गावातली तुमची मंडळी न्हाई म्हणतेत. तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतेल."

काय बोलले ते लिहीत नाही. हौदावर न चढता बोलले, तरी सगळ्या छावणीला ऐकू गेलं. सार एवढंच की ढोर तुमचं, हात तुमचे. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. नुसतं म्हणाले, "मग राहू द्या पडलेलं."

पडलेलं ठेवून मला जाता येईना. हा विषाणू कसला, लस याला का अडवू शकली नाही, हे कळायला ताजं काळीज हवं. तोंडातले फोड केव्हाच फुटून गेले होते, त्यांत आता काही नाही. एका वासराचे पाय मीच धरले आणि खड्ड्यापर्यंत ओढत नेलं. तिथेच बसून उघडलं. काळजावर पिवळट पट्टे, पुस्तकात असतात तसे, वाघाच्या कातडीसारखे. ग्लिसरीनच्या बाटलीत तुकडा, बाटली बर्फात.

मान वर केली तर सगळी छावणी कडं करून उभी. पदर नाकाला.

मग बाकीची पण ओढली. एकटीने. हातपंपावर हात धुवायला गेले तर एक बाई म्हणाली, "थांबा, मी हापसते." मला वाटलं माया आली. मी दांड्याला हात लावू नये म्हणून होतं ते.

२ मार्च, नांदेड

नमुना द्रवरूप नत्रात ठेवायचा तर नांदेडलाच यावं लागतं. इथून रेल्वेने मोठ्या संस्थेत जाईल.

सा. (माझे वरिष्ठ, वाईट माणूस नाहीत) म्हणाले, "लस वाटेत गरम झाली असेल. तसं लिहू आणि मोकळं होऊ."

म्हटलं, बर्फ मी स्वतः बघत होते.

"मग काय, विषाणू बदलला? तुमच्या रेणापुरात?"

"कुठेतरी बदलतोच की सर."

"बाई, एका वासरावर सिद्धांत उभा राहत नाही. आणखी काळजं आणा. आणि जरा भाषणं कमी."

स्टेशनवर चहा. शेजारच्या बाकावर एक कुटुंब दशम्या खात होतं. त्यांनी मला एक दिली. न विचारता, आडनाव न विचारता. गाडी येईपर्यंत पुरवून पुरवून खाल्ली. वेडेपणा.

९ मार्च

धोंडीबा आला होता. चुलतभाऊ, एसटीत कंडक्टर, त्यामुळे गावच्या बातम्या तिकिटासारख्या फाडून देतो. आज मात्र उभाच.

"आक्का, तू ढोरं ओढलीस म्हणं रेणापूरला."

"ओढली."

"अन् फाडली."

"नमुना घेतला."

"गावात तसं न्हाई म्हणत." मग म्हणाला, "सरपंच आला होता दादाकडं. चार मानसं घिऊन. आपल्या गावाची बी जनावरं जळकोटाकडच्या छावणीत हाईत, तिथं बी मरतेल, त्याची सोय आत्तापासून करा म्हणला."

"दादा काय म्हणाले?"

"काय न्हाई. त्येच तर."

दादा आणि काही न बोलणं!

१५ मार्च, गावी

मधल्या दिवसांत छावणीला गेले नाही. चपला सोड्यात, केस धुतले, कपडे दुसरे. तरी गोठ्याकडे फिरकले नाही. दादांची एक गाय आहे, तिला पाडा झालाय, लांबूनच बघितला. तांबडा, कपाळावर पांढरा.

दादा ओट्यावर. मी पाया पडले तर पाय आत घेतले.

मला जे आठवत नाही पण मी शंभर व्यासपीठांवरून सांगितलंय ते हे. दीक्षा घेऊन आल्यावर दादांनी चावडीपुढे उभं राहून सांगितलं की आजपासून मेलेलं ढोर ओढणार नाही. गावाने काम बंद केलं, पाणी बंद केलं. माय मला काखेत घेऊन नदीच्या झऱ्यावरून पाणी आणायची. दोन बाजूंनी माणसं उभी राहून थुंकायची. दादांनी मार खाल्ला, पण ढोराला हात लावला नाही. लोक याला 'ढोराचं भाषण' म्हणतात. "ताई, ते ढोराचं म्हणा." म्हटलं की सभा उभी राहते.

दादा बोलले ते संध्याकाळी, माझ्याकडे न बघता.

"सरपंच पायरीपस्तोर आला. म्हणला, गणपत, तुझी डॉक्टरीण पोरगी सरकारी पगार घिऊन ओढती, फाडती. अन् तुमाला कमीपणा कसला?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनायला काय ठिवलंस तू?"

मी बोलायला लागले. विज्ञान, नमुना, डॉक्टर म्हणून, माणूस म्हणून, सक्ती आणि निवड यांतला फरक. सगळं बरोबर होतं. दादांनी ऐकून घेतलं.

"तुला ठाव हाय. मला ठाव हाय. त्येला ठाव हाय का?"

पहाटेच्या गाडीने निघाले. माय असती तर भाकरी तरी बांधून दिली असती.

१८ मार्च

ठरलं. ज्याचं वासरू, त्यानं स्वतः खड्ड्यापर्यंत आणावं. मालकाने, स्वतःच्या हाताने. गडी नाही, विकतचा माणूस नाही, 'तुमची मंडळी' तर नाहीच. आणलेलंच उघडणार. न आणलेलं उघडणार नाही, मग माझा प्रश्न सुटो न सुटो.

छावणीत सांगितलं. व्यंकटराव म्हणाले, "बाई, नियम सरकारचा का तुमचा?"

"माझा."

"मग चालू द्या."

२४ मार्च

कोणी आणत नाही. वासरं मरताहेत, कुत्री खाताहेत, काळजं सडताहेत. सा.चा फोन दवाखान्यात आला. म्हणाले, "तुमचं तत्त्व ठीक आहे, पण विषाणू तुमच्या तत्त्वासाठी थांबणार आहे का?"

उत्तर एवढंच: मी थांबणार आहे. पण हे फोनवर सांगता आलं नाही.

स्वतःलाही विचारते. हा नियम दादांसाठी आहे की दादांनी परत पाय पुढे करावेत म्हणून?

पेशी छान वाढल्यात. काचेवर एकमेकींना धरून बसलेल्या. सूक्ष्मदर्शकातून उगाचच बघत बसले.

२९ मार्च, रेणापूर

शेवंताबाई. नवरा ऊसतोडीला गेलेला, सासू आंधळी, दोन म्हशी. पाठीचा कणा ताठ, जीभ त्याहून. आज ती आणि तिची जाऊ, दोघी एक रेडकू गोणपाटावर घालून खड्ड्याकडे ओढत आल्या.

बापे हसत होते. "शेवंते, आता हेच काम का?"

"हाव. तू मेलास की तुला बी आणते, गोणपाट हायच."

माझ्यापुढे आणून ठेवलं आणि म्हणाली, "घ्या बाई. कोन आनीना तर मीच. माझंच होतं की. जित्तं होतं तवा पाठीवर हात फिरवत होते, आता इटाळ कसला?"

मी उघडत होते, ती शेजारी बसून बघत होती. पट्टे दाखवले. ती म्हणाली, "म्हंजी सुईनं कायच क्येलं न्हाई?"

"तेच शोधतेय."

मग खाली मान घालून, "बाई, एक सांगू? रागं भरू नका. सुई मारली त्याच्या दुसऱ्या दिशीच आम्ही लाळ लावली."

"कसली लाळ?"

"शेजारच्या गावात एक बैल आजारी होता. त्याची लाळ फडक्यानं आणून सगळ्यांच्या तोंडात चोळली. पहिल्यापासून करतेत. समद्यांना एकदाच होऊन जाऊ द्यायचं, मग पेरणीपस्तोर मोकळं. सुई अन् लाळ, दोन्ही क्येलं तर आणखी घट्ट होईल वाटलं."

"सगळ्यांनी?"

"समद्यांनी. तुम्ही भाषण करून गेलात अन् मानसं जोशात होती."

हसू आलं. खरंच. हौदावर उभं राहून मी म्हणाले होते, रोगाची ओळख अंगाला आधी करून द्यायची, म्हणजे अंग तयार राहतं. त्यांनी ऐकलं. फार चांगलं ऐकलं. लसीला अंग तयार करायला दिवस लागतात, हे मी बोलले नव्हते. सभेत ते रुचत नाही.

३० मार्च

म्हणजे रेणापूरची सगळी वासरं पुराव्याला निकामी. लस हरली की लसीला वेळच मिळाला नाही, सांगता येत नाही. विषाणूचा हात बदललाय की नुसत्या लाळेच्या लोंढ्याने दार मोडलंय, तेही नाही.

सा.ना कळवलं. ते म्हणाले, "ही गोष्ट मात्र छान आहे." हसले. मग गंभीर. "टोचलेलं, लाळ न लावलेलं वासरू आणा. एक तरी."

८ एप्रिल

पहिल्या नमुन्याचं उत्तर आलं. विषाणूची जात लसीतलीच. पण लस घेतलेल्या जनावराचं रक्त त्याला नीट धरत नाही. 'किंचित', 'कदाचित', 'अधिक नमुने आवश्यक'. म्हणजे मी बरोबर असू शकते. असू शकते यावर लस बदलत नाही. आणि लस बदलली नाही तर पुढच्या हंगामात लोक टोचतील, जनावरं मरतील, आणि मग कोणी कधीच टोचणार नाही. माझ्या शब्दावर तर नाहीच.

हे सांगायला कोणाकडे तरी जावंसं वाटलं. फळीवर पुस्तकं आहेत, सगळी वाचलेली.

१४ एप्रिल, लातूर

जयंती. मैदान भरलेलं, निळं. माझं नाव पुकारलं आणि मागून आवाज आला, "ताई, ढोराचं!" मग सगळीकडून.

सुरू केलं. चावडी, दादा, "आजपासून ओढणार नाही." इथपर्यंत आले आणि पुढचं वाक्य येईना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हणाले, "पुढचं अजून घडतंय," आणि रेणापूर सांगितलं. मी ओढलं ते. सरपंच पायरीपर्यंत आला ते. नियम. शेवंताबाई. लाळेवर लोक खूप हसले. शेवटी टाळ्या कमी पडल्या. नेहमीपेक्षा बऱ्याच कमी.

खोलीवर एकटी. हार दाराला अडकवला.

१५ एप्रिल

सकाळी प्रयोगशाळेच्या पायरीवर दादा! पांढरा सदरा, काल रात्री इथेच कुठेतरी झोपलेले. मैदानात होते तर. मागे.

"चहा घ्याल?"

"आधी दाव. काय करतीस ते."

आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला त्यांना वेळ लागला, मग दिसलं. "हे जित्तं हाय?"

"हाव."

"अन् त्यो कुठं हाय? इषाणू?"

"तो यातून दिसत नाही. फार बारीक."

"मंग तुला कसं कळतं, हाय म्हनून?"

दुसरी बाटली लावली, आत पेशी गोल होऊन सुटलेल्या. "त्याने काय केलं ते दिसतं."

"शिरतो कसा? फोडून?"

"नाही. पेशीच्या अंगावर कोयत्याला असतात तशा मुठी असतात. तिच्या स्वतःच्या कामाच्या. त्यातली एक हा धरतो. पेशीला वाटतं, आपलंच काही आलं. ती आत घेते."

दादा डोळा न काढता म्हणाले, "म्हंजी मूठ आपली."

"हो."

"सरपंचानं बी आपलीच मूठ धरली. तुझी."

अशी उपमा मी सभेत दहा वेळा वापरली असती आणि टाळ्या घेतल्या असत्या. पेशीला इच्छा नसते, माणसाला असते, हे मला कळतं. तरी वाद न घालता चहा ठेवला.

चहा घेताना म्हणाले, "नियम ब्येस केलास. आधी करायचा." आणि मग, गाडीची वेळ झाल्यावर, "पाड्याला बी टोचून घेतलंय. गाईला बी. जळकोटच्या छावणीत नेऊन बांधलीत, तिथं आलते सुईवाले. लोक लाळ लावा म्हनत होते, म्या लावू दिली न्हाई. तू म्हनली नव्हतीस तर कशाला?"

स्टँडपर्यंत बरोबर गेले. दादांनी गाडीतून हात केला नाही, पण बघत होते.

३ मे

जळकोटकडच्या छावणीत ला.खु. तिथलं सगळं गाव दादांच्या ओळखीचं, सगळी तोंडं. नियम कळवला: टोचलेलं, लाळ न लावलेलं, मालकाने आणलेलं. निरोप आला की लाळ सगळ्यांनीच लावली आहे. एक सोडून.

हे वाचून जे मनात आलं ते लिहीत नाही.

५ मे

धोंडीबाकडून: गाईला फेस आलाय. पाडा दूध पीत नाही.

जायला हवं की नको? मी गेले तर वैद्य म्हणून जाते की वाट बघायला?

औषध पाठवलं. त्याचा उपयोग नाही हे मला माहीत आहे, दादांनाही कळेल.

७ मे, जळकोटची छावणी

इथेच बसून लिहितेय, बाभळीखाली. पाडा पहाटे गेला. धोंडीबाने पहिल्या गाडीने आणलं मला. बर्फाची पेटी पायाशी.

दादा पाड्याशेजारी बसलेत. मी आले तर म्हणाले, "आलीस?" एवढंच. डोळे कोरडे.

खड्डा हाकेच्या अंतरावर. लोक जमलेत. सरपंच, त्याची माणसं, बौद्धवाड्यातलेही सगळे. कोणाला बोलावलं नव्हतं. सगळ्यांना नियम माहीत आहे. मीच केलाय.

सरपंच गोड आवाजात म्हणाला, "गणपत, नियम सगळ्याला सारखा की रं."

आमच्यातला एक पोक्त माणूस तिथेच कडाडला, "दादा, हात लावायचा न्हाई. आपुन मार खाल्लाय ह्याच्यापायी."

"मंग पोरीचा नियम खोटा का?" सरपंच.

मी उठले, म्हटलं, मी नेते. नियम गेला खड्ड्यात.

दादा म्हणाले, "बस. तू मालक न्हाईस."

"दादा, ऊन चढतंय. काळीज खराब होईल. हे एकच आहे."

"ठाव हाय."

"हे झालं तर लस बदलेल. सगळ्यांची..."

"ठाव हाय म्हनलो न्हवं."

मग मला जवळ बोलावलं. एवढ्या हळू की बाकीच्यांना ऐकू जाऊ नये. "सुमे, मला एक सांग. गावाचं ढोर ओढनं अन् आपलं पुरनं, ह्यात फरक काय? हाय, मला ठाव हाय. पर मी ह्याला उचललं की ती मानसं काय बघतेल, आपली काय बघतेल? भाषन नगो. मला बसून सांग. मला सांगता आलं पायजे ते, उद्या कोन इचारलं तर."

मी तोंड उघडलं. दोन-तीन वाक्यं तयार होती, मोठी, बांधलेली. त्यांतलं एकही दादांच्या तोंडात बसणारं नव्हतं. म्हणून उठून इथे आले, लिहून बघावं म्हटलं.

ढोर गावाचं होतं तेव्हा नाही म्हणण्याचा

खोडलं.

ज्याला आपण पाजलं त्याला

हेही नाही. हे शेवंताबाई म्हणू शकते. तिच्या हातावर कोणाचा इतिहास नाही.

दादांनी पाड्याच्या कपाळावर हात ठेवलाय. नुसता ठेवलाय. सरपंचाची माणसं पुढे सरकून बघताहेत, हा उचलणार का. आमची माणसंही तेच बघताहेत. बर्फ खडखडायचा थांबला, पेटीत आता पाणीच असेल थोडं.

दादा माझ्याकडे बघताहेत. जाते. शेजारी बसते आणि जे येईल ते, वाक्य न करता